अपंगत्वाचा अभिमान आणि सहजीवन : चर्चा कुठवर आली?

समाजाने ज्या गोष्टीला कायम उणीव म्हटले, तिचाच अभिमान बाळगता येईल का? गेल्या साडेतीन दशकांत अनेक देशांतले अपंग स्त्री-पुरुष या प्रश्नाला ‘होय’ म्हणत रस्त्यावर उतरले आहेत. या प्रश्नाला जोडून दुसराही एक प्रश्न येतो. अपंग माणसाने कुठे राहायचे, कुणाच्या सोबतीने राहायचे, आणि हे ठरवायचे कुणी? पहिला प्रश्न मनाचा वाटतो, दुसरा व्यवस्थेचा. प्रत्यक्षात ते एकमेकांत गुंतलेले आहेत. घरात एकटेच वाढलेल्या मुलाला आपल्यासारखे दुसरे कुणी भेटलेच नाही, तर आपल्या अपंगत्वाविषयी लाजेखेरीज वेगळे काही वाटण्याची संधी त्याला मिळणार कुठून?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती आहेत आणि त्यांतल्या सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात राहतात. महाराष्ट्रातली संख्या २९ लाख ६३ हजार आहे. त्या मोजणीत अपंगत्वाचे आठ गट धरले होते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले, त्यामुळे खरी संख्या याहून मोठी असणार. एवढ्या माणसांच्या जगण्याला भिडणाऱ्या या चर्चेत कोणत्या भूमिका आहेत, त्यांचा आधार काय आणि काय अजून सुटलेले नाही, हे येथे मांडायचे आहे. दाखले मुख्यतः महाराष्ट्र आणि गोव्यातले आहेत.

शब्दाविषयी एक खुलासा. २०१५ च्या अखेरीपासून सरकारी व्यवहारात ‘दिव्यांग’ हा शब्द आला. काहींना तो सन्मानाचा वाटतो, तर काहींना तो वास्तवावर पांघरूण घालणारा वाटतो. येथे चळवळीतल्या जुन्या वापराला धरून ‘अपंग’ हा शब्द घेतला आहे. खाती आणि योजनांची नावे अधिकृत आहेत तशीच ठेवली आहेत.

दयेकडून हक्काकडे

अपंगत्वाकडे पाहण्याच्या आपल्या दोन जुन्या रीती होत्या. एक पूर्वजन्मीच्या पापाची, म्हणून दानाची. दुसरी असामान्यत्वाची. विदर्भातले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टी गमावूनही विपुल ग्रंथरचना करून गेले आणि ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणून पूज्य ठरले. या दोन टोकांच्या मध्ये शाळेत जाणारा, नोकरी करणारा, लग्न करणारा, भांडणारा साधा अपंग माणूस कुठेच बसत नव्हता.

इंग्रजी अमलात मुंबईत १८८५ च्या सुमारास कर्णबधिरांसाठी आणि १९०० मध्ये अंध मुलांसाठी शाळा निघाल्या. त्याच काळात, १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांना समाजापासून वेगळे डांबण्याची सोय केली. तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने भिकेसाठी अंगावरची जखम किंवा व्यंग दाखवणे हाही भीक मागण्याचा प्रकार ठरवून अटकेला पात्र केला. शिकवण्याची आणि नजरेआड करण्याची अशा दोन्ही प्रेरणा या काळात शेजारी-शेजारी दिसतात.

हक्कांची भाषा ऐंशीच्या दशकापासून ठळक झाली. १९८० मध्ये दिल्लीत रोजगार मागणाऱ्या अंध निदर्शकांवर लाठीमार झाला. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष पाळले. नव्वदच्या दशकात अपंग हक्क कार्यकर्ते जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संसदेवर लावलेल्या रेट्यातून १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा झाला. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला मान्यता दिली. त्या कराराला अनुसरून २०१६ चा कायदा आला. त्याने सरकारी नोकऱ्यांतले आरक्षण ३ वरून ४ टक्के केले आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखल्या. याच कायद्याचे पाचवे कलम समाजात राहण्याच्या हक्काविषयी आहे. अपंग व्यक्तीला अमुकच ठिकाणी राहण्याची सक्ती करता येणार नाही आणि तिला घरी किंवा वस्तीत साहाय्यसेवा मिळाल्या पाहिजेत, असे ते सांगते.

पुढच्या काळात न्यायालयांनी या कायद्याला आशय दिला. सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या जीजा घोष यांना २०१२ मध्ये विमानातून उतरवण्यात आले होते. त्यांना दहा लाख रुपयांची भरपाई देताना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये प्रतिष्ठेची भाषा वापरली. २०२१ च्या विकास कुमार खटल्यात परीक्षेतल्या लेखनिकाचा प्रश्न होता, आणि गरजेनुसार व्यवस्थेत बदल करून देणे हा समानतेचाच भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. मार्च २०२५ मध्ये अंध व्यक्तींना न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही, असा निकाल आला. कायद्याच्या कागदावर दयेची जागा हक्काने घेतली. मनात आणि मोहल्ल्यात ती घेतली का, हा पुढचा प्रश्न.

अभिमानाची कल्पना

ही कल्पना घडवण्यात वेगवेगळ्या चळवळींचा हात आहे. इंग्लंडमध्ये निवासी संस्थेत राहिलेल्या पॉल हंट यांनी १९७२ मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहून अपंगांना संघटित होण्याची हाक दिली. त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेने १९७६ मध्ये एक भेद मांडला : शरीरातली कमतरता वेगळी आणि समाजाने लादलेले अपंगत्व वेगळे. १९८३ मध्ये माइक ऑलिव्हर यांनी या विचाराला ‘सामाजिक प्रारूप’ असे नाव दिले. अमेरिकेत पोलिओमुळे लोखंडी फुप्फुसाचा आधार लागणाऱ्या एड रॉबर्ट्स यांनी बर्कले विद्यापीठात प्रवेश मिळवला आणि १९७२ मध्ये तेथेच स्वतंत्र जगण्याचे केंद्र उभे राहिले. ते अपंगांनीच चालवलेले होते.

१९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात कर्णबधिर विद्यार्थ्यांनी आंदोलन करून पहिला कर्णबधिर अध्यक्ष मिळवला. खुणांच्या भाषेची स्वतःची संस्कृती असलेला समाज म्हणून त्यांनी आपली ओळख जगापुढे ठेवली. १९९० मध्ये बोस्टन शहरात अपंगत्वाच्या अभिमानाचा पहिला मोर्चा निघाला. शिकागोत २००४ पासून वार्षिक संचलन सुरू झाले. १९९० च्या जुलैत अमेरिकेचा अपंगविषयक कायदा झाला, म्हणून तेथे जुलै हा अभिमानाचा महिना मानतात. नव्वदच्या दशकातच स्वमग्न व्यक्तींनी आपली मेंदूची घडण हे माणसांमधले एक स्वाभाविक वैविध्य आहे, असे सांगायला सुरुवात केली.

या सगळ्यात ‘अभिमान’ म्हणजे काय? मांडणाऱ्यांच्या मते तो लाजेला दिलेला जाहीर नकार आहे. अपंगत्व लपवून, किंवा त्यावर ‘मात करून’, मगच माणूसपण मिळते ही अट त्यांना मान्य नाही. त्यांचे दुसरे म्हणणे असे की अपंगत्वातून काही ज्ञान आणि काही कला जन्मतात. स्पर्शाने वाचणे, हातांनी बोलणे, परस्परांवर अवलंबून राहणे उघडपणे स्वीकारणे ही त्याची उदाहरणे.

पहिली भूमिका : अडथळा बाहेर आहे

या कल्पनेचे समर्थक सामाजिक प्रारूपापासून सुरुवात करतात. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला मतदान केंद्राच्या पायऱ्या अडवतात. पायऱ्या बदलता येतात, म्हणून लाज पायऱ्या बांधणाऱ्या व्यवस्थेला वाटायला हवी. ‘सुगम्य भारत’ मोहीम डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये, राजीव रतुरी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाला सरकारला बंधनकारक मानके ठरवायला सांगावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हाही जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचा निर्णय आला. अडथळे माणसांनी उभे केले आहेत, या म्हणण्याला असे निकाल बळ देतात.

ही भूमिका प्रतिमांचाही विचार करते. अपंग पात्र एक तर करुणेचे किंवा विनोदाचे साधन होते, ही जुनी तक्रार आहे. जुलै २०२४ मध्ये निपुण मल्होत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांतल्या चित्रणासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि अपंगत्वावरचा विनोद व अपंगांना हिणवणारा विनोद यांत फरक केला. मराठीत २०१४ च्या ‘यलो’ चित्रपटात डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःचीच भूमिका केली. अभिमानाच्या समर्थकांना असे दाखले महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांत अपंग माणूस स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो.

दुसरी भूमिका : दुखणे खरे आहे

दुसरी बाजू अपंग विचारवंतांमधूनच आली आहे. स्वतः अपंग असलेल्या लिझ क्रो यांनी नव्वदच्या दशकात लिहिले की सगळा दोष समाजावर टाकताना वेदना, थकवा, आजाराची भीती यांविषयी बोलणेच थांबले. टॉम शेक्सपियर यांनी २००६ च्या पुस्तकात शरीर आणि समाज या दोन्हींच्या परस्परसंबंधातून अपंगत्व घडते अशी मांडणी केली. सुसान वेन्डेल यांनी ‘निरोगी’ अपंग आणि ‘आजारी’ अपंग यांच्या अनुभवातले अंतर दाखवले. अपघातानंतर प्रकृती स्थिर झालेल्या माणसाला उपचार नकोत, अडथळे हटवायला हवेत. दीर्घ आजार असलेल्या माणसाला दोन्ही लागते.

आपल्याकडे हा मुद्दा सिकलसेलच्या निमित्ताने समजून घेता येतो. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत आदिवासींमध्ये आणि विदर्भातल्या अनेक दलित व मागास समूहांमध्ये हा रक्ताचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. तो बाहेरून दिसत नाही, पण सांध्यांची कळ उठली की माणूस अंथरुणाला खिळतो. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांना अपंगत्वाच्या यादीत घेतले, पण नोकरीतल्या चार टक्क्यांत त्यांना जागा दिली नाही. अशा तरुणाला अभिमानाच्या भाषेइतकीच औषध, रक्त आणि रजेची हमी हवी असते. उपचार मागणे म्हणजे स्वतःला नाकारणे नव्हे, हे या भूमिकेचे सार आहे.

समर्थकांकडून याला उत्तर मिळते की अभिमान वेदनेचा नसतो, वेदनेसकट जगणाऱ्या माणसाचा असतो. दोन्ही बाजू आता एकमेकींच्या जवळ आल्या आहेत. तरी एका जागी ताण कायम आहे, आणि ती जागा म्हणजे अपंगत्व टाळण्याचे सार्वजनिक कार्यक्रम. भारत मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्त घोषित झाला, त्याचे स्वागत सर्वांनीच केले. गर्भातल्या व्यंगाच्या तपासणीबाबत मात्र एकमत नाही. गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने चोवीस आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. स्त्रीच्या शरीरावरचा तिचा हक्क आणि ‘असे मूल नकोच’ हा समाजाचा संदेश यांत रेषा कुठे ओढायची, यावर स्त्री चळवळ आणि अपंग चळवळ यांच्यातला संवाद अपुरा आहे.

तिसरी भूमिका : आधी भाकरी

तिसरी भूमिका मोर्चांत, जिल्हाधिकारी कार्यालयांपुढच्या धरण्यांत आणि ग्रामसभांत ऐकू येते. तिच्या मते अभिमान शहरी, शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्यांचा विषय आहे. गावातल्या अपंगाचा प्रश्न प्रमाणपत्राचा, पेन्शनचा, तीनचाकी सायकलीचा आणि ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातून अपंगांवर खर्च व्हायलाच हव्या असलेल्या पाच टक्के निधीचा आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतली अपंगांची रक्कम १५०० रुपयांवरून २५०० करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला, त्यामागे आंदोलनांचा मोठा रेटा होता. महाराष्ट्रातली ‘प्रहार’ संघटना आणि तेलुगू प्रदेशात मंदा कृष्ण मादिगा यांच्या नेतृत्वाखाली २००७ पासून उभी राहिलेली विकलांग हक्क चळवळ या प्रवाहातल्या. तेलुगू चळवळीने दलित संघटनाचा अनुभव अपंगांच्या प्रश्नाशी जोडला. तिचे मोल म्हणून वेगळे आहे.

याच्या जवळचा पण वेगळा आक्षेप अनिता घई यांच्यासारख्या भारतीय अभ्यासकांनी घेतला. पाश्चात्त्य चौकट एकट्या, स्वतंत्र व्यक्तीला केंद्रस्थानी ठेवते. आपल्याकडचा अपंग माणूस कुटुंब, जात आणि लिंगभेद यांच्या जाळ्यात जगतो. मुंबईत निधी गोयल यांनी स्थापन केलेली ‘रायझिंग फ्लेम’ ही संस्था अपंग स्त्रियांचे नेतृत्व आणि त्यांच्यावरचा हिंसाचार यांवर काम करते, ते याच जाणिवेतून.

शिरूरची घटना येथे आठवायलाच हवी. १९९४ मध्ये तेथल्या शासनमान्य संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशये पुण्याच्या सरकारी रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांची स्वच्छता राखणे अवघड जाते, हे कारण देण्यात आले होते. स्त्री संघटनांच्या विरोधानंतर त्या शस्त्रक्रिया थांबल्या. २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीच्या संमतीला महत्त्व दिले. स्वतःच्या शरीरावरचा हक्कच जिथे हिरावला जातो, तिथे त्या शरीराचा अभिमान कसा बाळगायचा, हा प्रश्न या घटनेने महाराष्ट्रापुढे ठेवला आहे.

वसाहत, घर की गाव?

आता सहजीवनाकडे. महाराष्ट्राचा या बाबतीतला अनुभव समृद्ध आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. कुष्ठरोगातून बरी झालेली, पण घरादाराने नाकारलेली माणसे तिथे शेती करू लागली, विणू लागली, घरे बांधू लागली. पुढे अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग असलेली माणसेही त्यात आली. तिथे लग्ने झाली, शाळा-महाविद्यालये निघाली, वाद्यवृंद उभा राहिला. अभिमान हा शब्द न उच्चारता या वसाहतीने श्रमातून स्वाभिमान दिला, असे समर्थक म्हणतात.

कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ सुरू केली. सोळाव्या वर्षी कमरेखाली संवेदना गेलेल्या या मुलीला बंगळूरच्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने नवी दृष्टी मिळाली. तेही चाकाच्या खुर्चीवरच होते. ‘चाकाची खुर्ची’ या नसीमा यांच्या आत्मकथनाने मराठी घरांत हा विषय पोहोचवला. संस्थेच्या वसतिगृहात खेड्यापाड्यांतून आलेली, एरवी घरात रांगत राहिली असती अशी मुले शाळेत गेली आणि नोकरीला लागली. आपल्यासारखा दुसरा भेटण्याने काय होते, याचे हे मराठीतले सर्वांत परिचित उदाहरण.

या प्रारूपावरचा आक्षेपही गंभीर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या कराराचे एकोणिसावे कलम स्वतंत्रपणे आणि समाजात राहण्याचा हक्क देते. त्याचा काटेकोर अर्थ घेणारे म्हणतात, वसाहत कितीही प्रेमळ असो, ती समाजाने नाकारल्यामुळे उभी राहते आणि त्या नाकारण्याला सोय करून देते. दिनक्रम संस्था ठरवते, निघून जायचे म्हटले तर बाहेर जागा नसते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या बाबतीत हा आक्षेप अधिक धारदार होतो, कारण बरे होऊनही घरी न्यायला कुणी न आल्यामुळे तिथेच राहणाऱ्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. पुण्यात भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या बापू ट्रस्टने वस्त्यांमध्येच मानसिक आधार देण्याचे काम केले. माणसाला उचलून संस्थेत नेण्याऐवजी वस्तीलाच सक्षम करावे, ही त्यामागची दिशा.

तिसरी बाजू पालकांची आहे. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या प्रौढ मुलांचे आईवडील एकच प्रश्न विचारतात : आमच्यानंतर काय? डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेने पालकांच्याच पुढाकाराने ‘घरकुल’ हे निवासी घर उभे केले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालकत्वाची सोय केली, २०१६ च्या कायद्याने मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली. निर्णय पालकाने घ्यायचा की निर्णय घ्यायला मदत करायची, यावर पालक संघटना आणि अपंग हक्क कार्यकर्ते यांच्यात खरा मतभेद आहे. दोन्ही बाजूंना मुलाचे भले हवे आहे. पालकांना सुरक्षिततेची भीती आहे आणि कार्यकर्त्यांना निवड हिरावली जाण्याची. वस्तीत सोबतीने राहण्याच्या लहान घरांची पुरेशी सोय होत नाही तोवर पालकांना निवासी संस्थेखेरीज दुसरा मार्ग दिसणार नाही.

भेटण्याच्या जागा

सहजीवन म्हणजे फक्त छप्पर नाही. मुंबईच्या लोकल गाडीतला अपंगांसाठीचा राखीव डबा पाहावा. रोजची गाडी ठरलेली, ओळखी जुन्या. नोकरीची जाहिरात, डॉक्टरचा पत्ता, कॅलिपर कुठे चांगले मिळते, घरचे लग्न, सगळ्याची देवाणघेवाण याच प्रवासात होते. प्रमाणपत्रधारक कर्करुग्ण आणि गरोदर स्त्रियाही याच डब्यातून जातात. रेल्वेने सोय म्हणून दिलेल्या जागेत एक समाज तयार झाला.

अंध वाचकांसाठी स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठीतले ब्रेल पाक्षिक सुरू केले. त्यामुळे गावोगावच्या विखुरलेल्या वाचकांना एकच मजकूर एकाच वेळी स्वतःच्या बोटांनी वाचता आला, कुणी वाचून दाखवण्याची वाट पाहावी लागली नाही. क्रीडांगण ही दुसरी जागा. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गला पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकले. २०२४ मध्ये पॅरिसला भारताने २९ पदके मिळवली. गोळाफेकीत रौप्य जिंकणारे सचिन खिलारी त्याच सांगली जिल्ह्यातले. पदकांचे कौतुक ‘असामान्यत्वाच्या’ जुन्या रीतीला पुन्हा बळ देते, अशी शंकाही घेतली जाते. तिचे उत्तर तालुक्याच्या मैदानावर मिळेल. सामान्य अपंग मुलाला तिथे खेळता आले, तर पदक हे त्या खेळाचे फळ ठरेल.

कर्णबधिरांचे क्लब आणि संघटना हा सर्वांत जुना आणि घट्ट समाज. मराठी मुलखातल्या अनेक शाळांनी दीर्घकाळ बोलायला शिकवण्यावर भर दिला आणि खुणांची भाषा मुलांनी वसतिगृहात एकमेकांकडून उचलली. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन केंद्र झाले आणि २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा पहिला कोश आला. सरकारी मदतीतून लहान मुलांना कॉक्लियर इम्प्लांटही मिळते. ऐकण्याची संधी आणि सांकेतिक भाषेचा वारसा या दोन्ही गोष्टी मुलाला एकत्र मिळू शकतात, असे आता अनेक जण म्हणतात. पण आपल्या शाळांना अजून तसे घडवणे जमलेले नाही.

उघड उत्सवाचे उदाहरण गोव्याने दिले. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये पहिला ‘पर्पल फेस्ट’ झाला. राज्याचे अपंग आयुक्त कार्यालय त्याचे यजमान होते. संगीत, खेळ, चर्चा आणि चाकाची खुर्ची वाळूवरून नेण्याची सोय असे त्याचे रूप होते. पुढे तो आंतरराष्ट्रीय झाला. ‘भारतातला अभिमानाचा महोत्सव’ म्हणून त्याचे कौतुक होते, आणि सरकारी पुढाकारातून आलेल्या उत्सवात मागण्यांची धार टिकेल का, हेही विचारले जाते. उत्सवाच्या दिवसांतली सोय वर्षभर राहते का, ही त्याची रास्त कसोटी आहे.

लग्न हे आपल्या समाजात सामील होण्याचे मोठे दार. अपंगांचे वधू-वर मेळावे जिल्ह्याजिल्ह्यांत भरतात. महाराष्ट्राने २०१४ मध्ये अपंग आणि अव्यंग व्यक्तींच्या विवाहासाठी ५० हजार रुपयांचे प्रोत्साहन सुरू केले. दोन अपंग व्यक्तींचे लग्न त्या मूळ योजनेत बसत नव्हते. अपंगाशी लग्न हा त्याग मानायचा की दोन बरोबरीच्या माणसांची निवड, हा प्रश्न त्या अटीतच होता.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न ‘आपण’ कोण हा. एकवीस प्रकार एका कायद्यात आले, पण एका चळवळीत आले का? अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांच्या संघटना जुन्या आहेत. मनोसामाजिक अपंगत्व असलेल्यांना आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांना त्यांत अजूनही क्वचित नेतृत्व मिळते. चाळीस टक्क्यांच्या प्रमाणपत्राने हक्क मिळतो, पण ओळख टक्क्यांत मोजली जाते. बनावट प्रमाणपत्रांच्या चर्चेनंतर तपासणी कडक झाली की त्याचा जाच खऱ्या अपंगांनाच, त्यातही न दिसणाऱ्या अपंगत्वाच्या माणसांना जास्त होतो.

दुसरा प्रश्न प्रतिनिधित्वाचा. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. निर्णयाच्या टेबलाशी अपंग माणसे किती आहेत, हा त्यापुढचा टप्पा. तमिळनाडूने २०२५ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत अपंग सदस्यांच्या नेमणुकीचा कायदा केला. नेमणूक पुरेशी आहे की निवडणुकीतले आरक्षण हवे, यावर चर्चा चालू आहे. मतदानाचेही तसेच. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चाळीस टक्के आणि त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता आले. अंथरुणाला खिळलेल्यांना ती सोय अत्यावश्यक आहे. पण त्यामुळे केंद्रावरच्या रॅम्पचा आग्रह ढिला पडू नये, असे अनेकांचे म्हणणे आहे, कारण शेजाऱ्यांच्या रांगेत उभे राहणे हाही नागरिकत्वाचा भाग आहे.

तिसरा प्रश्न मदतनिसाचा. समाजात राहण्याचा हक्क कायद्याने दिला, पण रोज सकाळी अंथरुणातून उठवणारे, आंघोळ घालणारे, वाचून दाखवणारे हात कुणाचे? आज ते बहुतांशी आईचे, बहिणीचे किंवा बायकोचे आहेत, आणि बिनमोबदला आहेत. मदतनिसाचा खर्च सार्वजनिक निधीतून आला तर अपंग माणसाला निवड मिळेल आणि घरातल्या बाईलाही. सहजीवनाच्या चर्चेत हा मुद्दा सर्वांत कमी बोलला गेला आहे.

समारोप

या आढाव्यातून तीन गोष्टी स्थिर झालेल्या दिसतात. लाज ही अपंगत्वाची अपरिहार्य सोबतीण नाही, हे आता सर्व बाजूंना मान्य आहे. शरीराचे दुखणे आणि समाजाचे अडथळे या दोन्हींकडे एकत्र पाहावे लागते, यावरही बरेच एकमत आहे. आणि हक्कांशिवाय अभिमान पोकळ राहतो, हे भाकरीची भाषा बोलणाऱ्यांनी पटवून दिले आहे.

त्याला एक पुस्ती जोडावीशी वाटते. आपल्या भागात अपंगांचा स्वाभिमान मोर्चांइतकाच कोल्हापूरच्या वसतिगृहात, लोकलच्या डब्यात, ब्रेलच्या पानांवर, मैदानावर आणि कर्णबधिरांच्या क्लबात घडला. या सर्व ठिकाणी अपंग माणूस दुसऱ्या अपंग माणसाला भेटला, आणि भेटून झाल्यावर बाहेरच्या जगात परत जाण्याची वाट त्याला मोकळी होती. जिथे ती वाट बंद झाली तिथे सोबतीचे कोंडणे झाले. म्हणून ‘वेगळे की एकत्र’ हा वाद मिटवायचा मार्ग असा दिसतो की आपल्यांत राहण्याची आणि सगळ्यांत मिसळण्याची, दोन्ही दारे प्रत्येकाला उघडी असावीत आणि कोणते केव्हा वापरायचे हे त्याने स्वतः ठरवावे. पुढच्या योजना, इमारती आणि उत्सव यांना हाच निकष लावावा : त्यामुळे गावातल्या अपंग मुलीला स्वतःच्या मर्जीने घराबाहेर पडता आले का, तिला मैत्रिणी मिळाल्या का, आणि कुठे राहायचे हे तिला विचारले गेले का.